पागाच्या नाक्यावरची थट्टा

आमचं कासेना लोकांचं आणि बिसा लोकांचं थट्टेचं नातं. कधी जुळलं, कोणी जुळवलं, कोणाला ठाऊक नाही. बिसा माणूस दिसला की आम्ही त्याला गुलाम म्हणायचं आणि त्याच्या शेंगा खाण्यावरून त्याची अब्रू काढायची. त्याने आम्हाला कुत्रेखाऊ म्हणायचं, आणि तुमचा आजा आमच्या आजाने मूठभर शेंगांना विकत घेतला होता असं चारचौघांत सांगायचं. यात रागवायचं कोणीच नाही. जो रागावतो त्याच्या घरावर काहीतरी वाईट येतं म्हणतात. माझं म्हणाल तर वाईट यायला असली कारणं लागत नाहीत, ते आपल्या पायाने येतं. पण नातं आहे ते आहे, आणि आम्ही ते पाळतो.

पागाच्या लॉरीतळाजवळ माझा ज्वारीच्या दारूचा धंदा आहे. माझ्या मडक्यांपासून सरहद्दीचा नाका हाकेच्या अंतरावर. नाक्यापलीकडे दाकोला, मग पो, मग वागादुगूचा रस्ता. तिकडे पैसा सेफा, इकडे सेडी. तिकडचा साहेब फ्रेंचमध्ये खेकसतो, इकडचा इंग्रजीत. शेतात राबणारी माणसं मात्र दोन्हीकडे एकमेकांच्या नात्यातली. लग्नं इकडून तिकडे होतात, मयतीला तिकडून इकडे येतात. नाका आमच्यासाठी फक्त टोमॅटोच्या दिवसांत असायचा, कारण तेव्हा तिथे लॉऱ्यांची रांग लागायची आणि माझी मडकी दुपारीच रिकामी व्हायची.

वेदाम माझा थोरला भाऊ. बाबांच्या मागे घराचा कर्ता तोच. आधी तो आमच्याच बाजूला, धरणाच्या कालव्यावर टोमॅटो करायचा. पीक मायंदाळ यायचं. पण कुमासीहून, आक्राहून लॉऱ्या घेऊन येणाऱ्या व्यापारी बायका आमच्या शेतांसमोरून धुरळा उडवत थेट पलीकडे जायच्या. पलीकडचा टोमॅटो टणक, जाड सालीचा, दोन दिवसांच्या रस्त्यात फुटत नाही. आमचा गोड, रसाळ आणि बिनकामाचा. कारखाना होता एक आमच्याकडे, पण त्याचं घोडं नेहमी कुठेतरी पेंड खायचं. निवडणूक आली की त्याला रंग लागायचा, निवडणूक गेली की कुलूप. एका साली दादाचं सगळं पीक वाफ्यातच सडलं. बकऱ्यांना घातलं, तर चार दिवसांनी बकऱ्यांनीही तोंड फिरवलं.

तेव्हा दादा म्हणाला, "आपल्या मातीतलं कोणी घेत नाही ना? मग ज्या मातीतलं घेतात तिथे पैसा घालू."

दक्षिणेच्या बायका हेच करायच्या. पेरणीच्या वेळी पलीकडच्या शेतकऱ्यांना बी, खत, पंपाचं तेल द्यायचं, आणि तोडणीला माल उचलायचा. दादाने त्यांचीच रीत घेतली. पलीकडे शेतं बघायला त्याचा माणूस होता लासाने झारे. हा बिसा. पोच्या पुढे तलावाकाठी त्याचं घर. त्याचा बाप आणि आमचा बाप याच तळावर एकमेकांना शिव्या घालत म्हातारे झाले, आणि तीच गादी या दोघांनी चालवली. दादाने घातलेल्या पैशाची राखण लासाने डोळ्यांत तेल घालून करायचा, आणि तोंडाने म्हणायचा, "गुलामाच्या मालाची काळजी मालकालाच असते."

पैसा कुठून आणला हे दादाने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, कारण मी सोडलंच नाही. बाबांना पुरून तीन वर्षं झाली होती, पण शेवटचा विधी व्हायचा होता. तो होईपर्यंत मेलेला माणूस पितरांत जात नाही, आपल्याच दारात उभा राहतो. त्या विधीसाठी बाबांनी जिवंतपणीच गुरं राखून ठेवली होती, फुलानी जमातीच्या एका गुराख्याकडे. दादाने ती विकली.

"एवढ्या हंगामापुरतं गं," तो म्हणाला. "टोमॅटो गेले की होती त्याहून जास्त गुरं आणतो. बाबांचा विधी असा करतो की ढोल पोपर्यंत ऐकू जातील."

"आणि नाही गेले तर?"

"पलीकडचा टोमॅटो कधी राहिलाय का?"

खरं होतं ते. कधीच राहिला नव्हता. मी मडक्यांकडे वळले.

आता लासानेचं सांगते. हा माणूस थट्टेत कुठवर जाईल याचा नेम नव्हता. गेल्या हंगामात त्याने निरोप धाडला, रानातून हत्ती उतरले, तुझी सगळी शेतं तुडवली, आईची शपथ, तू ये. आमच्याकडे हत्ती खरोखरच उतरतात. दादा फटफटीवर बसला तो वाटेत पाणीही न पिता तलावावर पोचला. शेतं हिरवीगार. बांधावर लासाने शेंगा फोडत बसलेला, म्हणाला, "हत्ती तुला ओळखून परत गेले, म्हणे हा आमच्यातलाच." दादा मटकन खाली बसला आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. ती गोष्ट वर्षभर तळावर चालली. जो तो दादाला विचारायचा, हत्ती बरे आहेत ना?

या वर्षी पलीकडे टोमॅटोचा कारखाना उभा राहिला. सरकारने लोकांनाच भागीदार करून घेतलं. शिक्षक, शिंपी, भाजीवाल्या, ज्याला जमेल त्याने पैसा घालायचा आणि कारखाना आपला म्हणायचं. लासानेनेही घातला. मग काय विचारता, आमच्या तळावर त्याला कारखानदारसाहेब म्हणायला लागले.

फळं रंग धरायला लागली होती. एका रविवारी भर दुपारी लासाने फटफटीवरून आला. अंगावर लाल धूळ, डोळे तांबारलेले.

"मेला नाहीस अजून, गुलामा?" दादाने विचारलं.

"तुला पुरल्याशिवाय कसा मरू? मालकाला जबाबदाऱ्या असतात." मग माझ्याकडे वळून, कारण थट्टेच्या नात्यातल्या बाईला बायकोच म्हणायचं असतं, "काय गं बायको, या कुत्रेखाऊंना पाजतेस ते पाजतेस, मला काही आहे का?"

"तुझं दूध ठेवलंय, पाळण्यात झोप जा, देते."

तो मुसलमान, दारूला शिवत नाही. त्याच्यासाठी मी बाजरीचं गोड पाणी वेगळं ठेवायची. त्याने पोकळ भोपळ्याचं भांडं एका घोटात रिकामं केलं आणि म्हणाला, "गुरुवारपासून टोमॅटो इकडे सोडणार नाहीत. एक पेटीसुद्धा नाही."

"का? हत्तींनी नाका खाल्ला?" दादा म्हणाला, आणि सगळं बाकडं हसून हसून लोळायला आलं.

"ऐक तर. कारखाना सुरू होतोय. आधी त्याचं पोट भरायचं, मग बाकी. हुकूम अजून भिंतीवर लागला नाही, पण माझा चुलतभाऊ तिथे वजनकाट्यावर आहे, त्याने ऐकलंय. तू उद्याच तोड आणि कारखान्याला घाल. निम्मी किंमत देतील. निम्मी तर निम्मी, घे आणि मोकळा हो."

"बिसाला निम्मी किंमत भरपूर झाली. पूर्ण किमतीच्या शेंगा खाशील तर पोट फुटेल तुझं."

"आईची शपथ, वेदाम."

"आईची शपथ तू हत्तींच्या वेळीही घेतली होतीस. म्हातारी दर वर्षी एकदा मरते तुझ्यापायी."

सगळे हसले, आणि घोटाळा इथेच झाला. लासानेही हसला. आयुष्यभराची सवय ती. दादाने कोपरखळी मारली की त्याच्या तोंडून हसू बाहेर पडायचं, तसंच पडलं. आणि हसल्यावर त्या बातमीत काही जीव राहिला नाही.

थोड्या वेळाने तो मडक्यांच्या मागे माझ्याकडे आला. हसू गेलेलं होतं.

"तू सांग त्याला, काचाना," तो म्हणाला. नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली, आणि मला ते आवडलं नाही. "थट्टा नाही ही."

"मला काय सांगतोस? त्याच्यासमोर उभा राहा आणि सरळ सांग."

"कसं सांगू? त्याच्याशी एक सरळ वाक्य बोललो नाही मी जन्मात. बोलायला जातो आणि तोंड वाकडंच होतं. आणि सरळ बोललो तर मग आमच्यात राहिलं काय?"

"गुरं गेली तर तुमची थट्टा चाटायची आहे का त्याने?"

"कुठली गुरं?"

म्हणजे यालाही ठाऊक नव्हतं. मी जीभ चावली. त्याला उमगलं असावं, कारण तो परत दादाकडे गेला. पण दादाभोवती तोवर मैफल जमली होती. लासाने तोंड उघडायचा आणि कोणीतरी हत्तीसारखं ओरडायचं. शेवटी तो फटफटीला लाथ मारून निघून गेला.

मी दादाला त्याच दिवशी सांगितलं. म्हटलं, "त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता रे."

"तेच तर त्याचं कसब."

"नावाने हाक मारली त्याने मला."

आता मात्र दादा हसायचा थांबला. कान खाजवत बसला. मला वाटलं, पटलं. पण पटलं ते भलतंच.

"मग खरंच काहीतरी शिजतंय," तो म्हणाला. "तो आता भागीदार आहे त्या कारखान्याचा. माल कमी भावात मिळवायचा असेल तर काय करतील? आम्हा इकडच्यांना घाबरवतील. नाका बंद, नाका बंद, निम्म्यात द्या. आणि मला सांगायला कोणाला पाठवतील? यालाच."

"लासाने तुला फसवेल?"

"थट्टा असेल तर हसून सोडायची. थट्टा नसेल तर धंदा आहे, आणि धंद्यात तो तिकडचा, मी इकडचा. दोन्हीकडून बघ, निम्म्यात द्यायचं कारण दिसतंय का तुला?"

मला राग आला. तिसरं काही असू शकतं, तो माणूस नुसता खरं सांगत असेल, यासाठी त्या दोघांच्या नात्यात जागाच नव्हती. इतकी वर्षं खोटं बोलून बोलून एकमेकांवर माया केली त्यांनी, आणि मग खऱ्याची गरज लागली.

मंगळवारी दादा लॉरी ठरवून पलीकडे गेला. दक्षिणेच्या बायका त्याला पागालाच भेटणार होत्या, भाव ठरलेला. दोन दिवस तोडणी झाली. फळ चांगलं होतं म्हणतात, मोठं, टणक, डाग नसलेलं. लाकडी पेट्या भरल्या, लॉरी गच्च झाली. गुरुवारी सकाळी माझ्याकडे गिऱ्हाईक आलं नाही. मी बाहेर येऊन बघितलं तर नाक्याचा दांडा खाली, आणि पलीकडे दाकोलापर्यंत लॉऱ्या उभ्या, एकीमागे एक, सगळ्या टोमॅटोच्या. भिंतीवर कागद लागला होता.

माणसांना बंदी नव्हती. मी पदर खोचला आणि चालत गेले. माझ्यासमोर कांदे आले, सायकली आल्या, एक नवरीसुद्धा आली. टोमॅटो तेवढे अडवलेले. दादा लॉरीच्या सावलीत बसला होता. मला बघून म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सोडतील. साहेब लोक बोलतायत."

साहेब लोक दोन्हीकडे बोलत होते. आमचे म्हणत होते, बोलणी चालू आहेत. त्यांचे म्हणत होते, हुकूम आहे. आमच्या रेडिओवर कोणीतरी म्हणालं की आता आपल्याच शेतकऱ्याला चांगले दिवस येतील. मी तो रेडिओ बंद केला. मार्चचं ऊन. सावलीतही डोकं उकळायचं. दुसऱ्या दिवशी खालच्या पेट्यांतून पाणी ठिबकायला लागलं. लॉरीखाली चिखल झाला, त्यावर माश्या. वास मी सांगत नाही. दक्षिणेच्या बायका पागाला थांबल्या होत्या, त्यांची पुढारीण मला म्हणाली, "बाई, आम्हाला वाईट वाटतं हो," आणि रिकाम्या लॉऱ्या वळवून त्या निघून गेल्या.

लासाने त्याच दुपारी आला. सरळ ड्रायव्हरशेजारी बसला आणि लॉरी कारखान्याकडे घेऊन गेला. दादाही गेला, मी नाही गेले. तिथेही रांग होती. ज्यांनी आधी नाव लावलं त्यांचा माल आधी. यांची पाळी आली तेव्हा लासानेच्या चुलतभावाने वरची पेटी उघडली, हात घातला, आणि हात लालभडक करून बाहेर काढला. नाही म्हणाला. बिचाऱ्याला रडू येत होतं म्हणतात. दादाने ती लॉरी परत नाक्यावर आणायला लावली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नाही.

नाक्यावर मी होते तेव्हा त्याने लॉरीची मागची फळी पाडली. टोमॅटो आपण होऊनच बाहेर आले. दाकोलाच्या बायका घमेली घेऊन धावल्या, त्यातलं जे थोडं बरं होतं ते वाळवायला वेचू लागल्या. त्यांना काय म्हणायचं? मीही वेचलं असतं.

लासाने जवळ आला. "वेदाम," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं," दादा म्हणाला.

"मी सांगितलं होतं तुला. सगळ्यांसमोर सांगितलं."

"सगळ्यांसमोर हसलास तू."

"तू हसवलंस म्हणून."

"थट्टा मोडून सांगायचं होतंस."

"मोडली असती तर तू ऐकलं असतंस?"

दादाने खाली वाकून एक टोमॅटो उचलला, तो बोटांतून गळून गेला. "नसतं ऐकलं," तो म्हणाला. "पण मग दोष माझा एकट्याचा झाला असता. आता तो तुझ्याबरोबर वाटून घ्यावा लागतोय, आणि तेवढा मोठा मी नाही."

कोणाची चूक, हे मला विचारू नका. विचारलंत तर मी दोघांना शिव्या देईन, आणि मग दोन्ही सरकारांना, आणि मग तुम्हाला.

विधीची वेळ येऊन ठेपली होती. पाऊस सुरू व्हायच्या आत करायला हवा. आपिऊ काका, बाबांचे धाकटे भाऊ, यांनी कौल लावला. कौल म्हणाला, म्हातारा दारात उभा राहून थकला. काकांनी फुलानी गुराख्याकडे माणूस धाडला, गुरं घेऊन ये. माणूस हात हलवत परत आला.

अंगणात सगळं घर जमलं. काका भिंतीला टेकून बसले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

"गुरं कुठायत, वेदाम?"

"विकली, काका."

"कशासाठी?"

"टोमॅटोसाठी."

"मग टोमॅटो कुठायत?"

 धाकटे भाऊ एकमेकांकडे बघत होते. काका काठीने जमिनीवर रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "बाप तुझा होता, तसा माझा भाऊपण होता. त्याला अजून एक वर्ष उन्हात उभा करणार नाही मी. घरात काय आहे ते घ्या. एक बकरी असेल, कोंबड्या असतील. लोक हसतील, हसू देत. तोंड दाखवायला तू उभा राहायचंस. पळून जायचं नाही."

दादा पळाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. विधीच्या दिवशी सकाळपासून तो दाराशी उभा होता. लोक आले, गावोगावचे. कासेना कर्त्या पुरुषाचा विधी म्हणजे गुरांच्या रक्ताने अंगण भिजतं. आमच्या अंगणात एक बकरी बांधलेली होती आणि तीही म्हातारी. ढोलवाले आले, बकरीकडे बघितलं, आणि जरा हळूच वाजवू लागले. आम्ही घरच्या लेकींनी ज्वारीची लापशी शिजवली, दारू मी माझ्या पैशाने केली. पाहुणे तोंडावर काही बोलले नाहीत. बोलणं पाठीमागे होत होतं, आणि आमच्या अंगणात पाठीमागचं सगळं ऐकू येतं.

थट्टेच्या नात्यातल्या माणसाचा अशा वेळी एक मान असतो. मेलेल्याचा सदरा अंगात घालायचा, त्याच्यासारखं चालायचं, त्याच्या आवाजात दारू मागायची, मुलांना शिव्या द्यायच्या, आणि काहीतरी उचलून पळायचं. मग घरच्यांनी ती वस्तू गयावया करून सोडवून घ्यायची. त्यानेच रडणारं घर हसतं. बाबांचा निळ्या पट्ट्यांचा सदरा काकांनी दाराच्या खुंटीला लावून ठेवला होता. सगळे वाट बघत होते की झाऱ्यांच्या घरचं कोणी येतंय का.

उन्हं कलायला लागली तेव्हा लासाने आला. पायी आला, आणि त्याच्या मागे दोरीला एक बैल. चांगला, तांबडा, खांदा भरलेला.  ढोल थांबले.

लासाने दाराशी उभा राहिला. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "अरे कुत्रेखाऊंनो, मालक आला तर उठून उभं राहायची रीत नाही का?"

कोणीतरी हसलं. म्हातारे पुढे सरकले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता दादा काहीतरी घाण बोलेल, लासाने बाबांचा सदरा ओढेल, आणि जे झालं ते झालं.

दादा पुढे झाला. दोन्ही हात जोडल्यासारखे धरून जरा वाकला, परक्या गावच्या मोठ्या माणसासमोर वाकतात तसा.

"या," तो म्हणाला. "आमच्या घरी आलात, उपकार झाले. बसा." आणि धाकट्याला स्टूल आणायला सांगितलं.

लासानेचा चेहरा उतरला. तो जवळ गेला आणि हळू बोलला, पण मी तिथेच होते. "तोडणी एकदाच झाली होती रे, दुसऱ्या तोडणीचं फळ झाडावर होतं. तुझ्याच शेतातलं. मी ते कारखान्याला घातलं. जे मिळालं त्यात हा आणला. हा माझा नाही, तुझाच आहे."

दादाने ऐकून घेतलं. मग काकांकडे आणि सगळ्या लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "पलीकडच्या गावचे झारे आले आहेत. कारखान्याचे भागीदार आहेत. आमच्या वडिलांच्या विधीला त्यांनी बैल आणलाय. त्यांच्या घरी बरकत राहो."

लोक माना डोलवून पुटपुटले, बरकत राहो. काकांनी मान फिरवली. बैलाची दोरी कोणीतरी लासानेच्या हातातून घेतली. थट्टेतला माणूस विधीला उचलून नेतो, देत नाही. देतो तो पाहुणा असतो, आणि पाहुणा सदऱ्याला हात लावत नाही. हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. लासानेला सगळ्यांच्या आधी कळलं.

"शिवी दे ना रे," तो म्हणाला.  "एक दे. मग जातो मी."

"पाहुण्यांना शिव्या देत नाहीत आमच्यात," दादा म्हणाला. पाण्याचा भोपळा आणला होता, तो त्याने स्वतः घेतला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "दुरून चालत आलात. आधी पाणी घ्या."

लासाने स्टुलावर बसला. मला ओरडावंसं वाटत होतं, दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, पण घरच्या लेकीला त्या वेळी बोलायची मुभा नसते. बैल मागच्या बाजूला नेला, ढोल पुन्हा सुरू झाले, आणि आता ते मोठ्याने वाजत होते. बाबांना पितरांत जायला जे लागतं ते मिळालं होतं.

लासानेने सगळं पाणी संपवलं. भोपळा दोन्ही हातांनी परत केला, आणि माझ्या भावाकडे न बघता म्हणाला, "आभारी आहे तुमचा."